दवाखान्यामागचा काचेचा ढीग

नोकरीतून सुटून बरीच वर्षं झाली, तरी कुणाच्या अंगणात पाऊल टाकण्याआधी माझी नजर जमिनीवर जाते. सून विचारते, "आई, काही पडलं का?" काही पडलेलं नसतं. मी काच शोधत असते. संपादकांनी माझ्याकडं बाळंतपणांच्या आठवणी मागितल्या होत्या. नर्सबाईनं बाळंतपणांवर लिहावं, हे रीतीला धरूनच आहे. पण बाळंतपणं तेव्हा गावोगावच्या सगळ्याच नर्सांनी केली. काचेचा ढीग मात्र फक्त माझ्या दवाखान्यामागं होता, आणि त्यानं मला जितकं घाबरवलं तितकं कुठल्या आडव्या मुलानं घाबरवलं नाही. म्हणून ढिगावरच लिहिते. संपादक रागावले तर रागावले.

मुळात मी घाबरट. कुकरची शिट्टी उशिरा झाली तरी माझ्या पोटात गोळा येतो. अशा बाईनं नर्स व्हावं हे आमच्या आईला कधीच पटलं नाही. ती म्हणायची, "तू रोग्याचा ताप बघशील की स्वतःचा?" सत्तरीच्या दशकाच्या मध्याला मला नेमणूक मिळाली ती पवनारच्या पुढं, धाम नदीपासून थोड्या आत असलेल्या एका गावात. गावाचं नाव लिहीत नाही, कारण ज्यांच्याबद्दल लिहायचं आहे त्यांची नातवंडं अजून तिथं नांदतात. दवाखाना सरकारी. डॉक्टर बाजाराच्या दिवशी मोटारसायकलवर यायचे. एरवी मी, लाल औषधाची मोठी बरणी आणि पट्ट्यांचा डबा.

निंदणाचे दिवस लागले की दवाखान्यात पाय यायला लागायचे. रोगी म्हणत नाही, पायच म्हणते, कारण मी आधी पायच बघायची. चिखलानं माखलेला, टाचेला किंवा चवड्याला चिरलेला, फडकं गुंडाळलेला बाईमाणसाचा पाय. विचारलं, "काय लागलं?" की उत्तर ठरलेलं, "काच भरला, बाई."

कपाशीच्या शेतात काच कुठून येते, हे मला शहरातल्या मुलीला आधी कळेना. मग उकिरडा बघितला आणि उलगडा झाला. घरातलं जे जे नकोसं, ते उकिरड्यावर: शेण, राख, कडबा, आणि त्याच्यासोबत कंदिलाची फुटकी काच, औषधाच्या बाटल्या, बांगड्यांचे तुकडे. वर्षभर ते सगळं कुजतं आणि मृगाआधी गाडीत भरून शेतात पसरतात. शेण कुजतं, काच कुजत नाही. आमच्याकडची जमीन काळी, ओली झाली की लोण्यासारखी. तिच्यात तुकडा लपला की दिसत नाही, आणि निंदणारी बाई अनवाणी. त्यात ती काच शेणात मुरलेली. ज्याला धनुर्वात म्हणजे काय ते माहीत आहे त्याला पुढचं सांगायला नको.

सरू नावाची एक तरणी बाई होती. बोटभर चीर पडलेली. पट्टी बांधून घेतली, "एवढंसं तं हाय" म्हणून हसत गेली. काही दिवसांनी तिला बैलगाडीत घालून आणलं तेव्हा तिचा जबडा उघडत नव्हता. वर्धेच्या मोठ्या दवाखान्यात नेली. ती परत आली नाही. तिची सासू नंतर मला भेटली तेव्हा एवढंच म्हणाली, "आमच्याच उकिरड्याचा काच होता व बाई." त्या वाक्यानंतर मला झोप लागेना. पट्ट्या बांधणं हे माझं काम, पण काच आधीच उचलली तर पट्टीच लागणार नाही, एवढी साधी गोष्ट डोक्यात घर करून बसली.

तर मी काच गोळा करायला लागले. सरकारनं सांगितलं नव्हतं, कुणाचं अनुदान नव्हतं. घरटी एक फुटकं मडकं ठेवायचं, काच उकिरड्यावर न टाकता मडक्यात टाकायची, आणि यमुनाबाई टोपलं घेऊन आल्या की त्यात रिकामं करायचं. यमुनाबाई दवाखान्यात झाडलोट करायच्या. विधवा, बोलायला फटकळ, हाताला घट्टे. गाव मला काचवाली बाई म्हणू लागलं. पाठीमागं आणखी काय म्हणत असेल ते यमुनाबाई मला हौसेनं सांगायच्या.

काचेचा धंदा वरून दिसतो तितका सरळ नाही. वर्धेचे एक भंगारवाले चाचा आमची काच न्यायचे, त्यांनी मला तो शिकवला. पांढरी, हिरवी, तपकिरी वेगळी करायची. पत्र्याची झाकणं काढायची. आरसा वेगळा, दिव्याचा बल्ब वेगळा. आणि कपबशीचा तुकडा चुकूनही जाऊ द्यायचा नाही. चिनी माती भट्टीत वितळत नाही, नव्या बाटलीत तिचा खडा राहतो आणि बाटली तिथंच तडकते. "बाई, एक टुकडा पूरी भट्टी का मुँह काला करता है," असं चाचा म्हणायचे. आम्ही दोघी दुपारच्या वेळी दवाखान्यामागं निंबाखाली बसून गोणपाटावर काच निवडायचो. तांदूळ निवडावेत तशी.

अडचणी आल्या त्या मात्र मी कल्पनाही केली नव्हती अशा. पहिली बांगड्यांची. बायका कंदिलाची काच द्यायच्या, बाटल्या द्यायच्या, बांगडीचा तुकडा काही मडक्यात पडेना. विचारलं तर कुणी नीट बोलेना. शेवटी यमुनाबाईंनीच सांगितलं, "तुमच्या टोपल्यात कोनाच्या कोनत्या बांगड्या असतीन, कोनाले ठाऊक? नवरा गेल्यावरच्या बी असतीन. सवाशीन आपल्या बांगडीचा तुकडा तिच्याजवळ टाकीन काय?" मला वाईट वाटलं. टोपलं वाहणारी बाईच विधवा होती, आणि हे तीच मला समजावत होती, चेहऱ्यावर सुरकुतीही न हलवता. मग आम्ही बांगड्यांसाठी देवळाच्या पारावर वेगळा माठ ठेवला. देवाच्या दारात शुभ-अशुभ सगळंच धुतलं जातं, असं गुरव म्हणाला, आणि त्याचं बायकांनी ऐकलं.

दुसरी अडचण दारूच्या बाटल्यांची. आमचा जिल्हा दारूबंदीचा. कागदावर गावात थेंब नाही. पण मडकी ठेवल्यापासून पहाटे दवाखान्याच्या मागच्या भिंतीशी कुणीतरी गुपचूप बाटल्या मांडून जायचं, अगदी ओळीनं, जणू देवाला वाहिल्यात. एके दिवशी पोलीस जमादार आले आणि ढिगाकडं बघून म्हणाले, "नर्सबाई, हे काय चालू हाय?" मी इतकी घाबरले की "मी घेत नाही हो" एवढंच तोंडून निघालं. यमुनाबाई पदर तोंडात घालून आत पळाल्या. जमादार हसले, आणि जाताना म्हणाले, "यातल्या दोन-चार कोनाच्या हायत ते मले ठाऊक हाय, म्हनून विचारत नाई."

आता मुख्य गोष्टीकडं येते. तेव्हा औषध न्यायचं तर रोग्यानं घरून शिशी आणायची असा रिवाज होता. शिशी नाही तर औषध नाही. गरीब बाया पेल्यात, वाटीत न्यायच्या, एकदा तर एक म्हातारी नारळाच्या करवंटीत खोकल्याचं औषध घेऊन गेली. ढिगात साबूत शिश्या यायच्याच. म्हणून यमुनाबाई त्या टाक्यात टाकून राखेनं घासायच्या, मी उकळत्या पाण्यात काढायची, आणि ज्यांच्याजवळ शिशी नसे त्यांना औषध भरून द्यायची. मला त्याचा फार अभिमान होता. फुटकी काच कारखान्याला, साबूत काच रोग्याला. उकिरड्याला काहीच नाही.

दसऱ्याच्या थोडं आधीची गोष्ट. कपाशीवर फवारणी चालू होती. सकाळी मी दवाखाना उघडत होते तोच वामनभाऊ आला. हा चांगला खातापिता शेतकरी, भजनात टाळ धरणारा, बायकोला वचकून असणारा. चेहरा पांढराफटक.

"बाई, अंदर चाला. बाहेर नाई बोलत."

आत आल्यावर म्हणाला, "तुमच्या ढिगात माह्यी एक शिशी आली. तिच्यात जहर होतं."

हळूहळू त्यानं सांगितलं. घरच्या खाटेला ढेकूण झाले होते. शेजारच्या शेतकऱ्याकडून त्यानं फवाऱ्याचं औषध औषधाच्या एका लहान शिशीत मागून आणलं, बायको घरी नसताना खाटेच्या सांध्यांत ओतलं, आणि शिशी खाटेमागं दडवून ठेवली. बायकोला, गंगाबाईला, सांगायची सोय नव्हती. तिच्या माहेरची म्हैस फवाऱ्याचं पिंप चाटून मेली होती, तेव्हापासून ते औषध तिनं घराच्या उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नव्हतं. आता पुन्हा ढेकूण झाले म्हणून तो शिशी बघायला गेला तर शिशी गायब. बायकोला सहज विचारल्यासारखं विचारलं, तर ती म्हणाली, "दसऱ्याची झाडझूड केली, शिश्या साऱ्या यमुनाबाईले देल्या."

"घरात नीट बघितलं का?"

"सारं पाह्यलं, बाई. फडताळ पाह्यलं, देवघर पाह्यलं. नाई घरात. आन बाई, हात जोडतो, माह्यं नाव सांगजो नका. बायको मले घरात घेनार नाई."

मी नाव न सांगण्याचं कबूल केलं. त्या क्षणी त्याच्या नावाचं मला काय पडलं होतं! बाजाराच्या दिवशी घासलेल्या शिश्यांमध्ये औषध भरून मी गावभर वाटलं होतं. त्या शिशीवर जहराचा कागद नव्हता, कारण ती मुळात औषधाचीच. एका टाक्यात सगळ्या घासल्या होत्या. डोळ्यांपुढं एकेक घर यायला लागलं: कोपऱ्यावरची खोकणारी म्हातारी, सुताराची दोन मुलं, तापातून उठलेली पाटलांची सून.

एकच उपाय होता, दवंडी. कोतवाल डफडं घेऊन आला आणि विचारलं, "कारन काय सांगू, बाई?"

इथं मी अडखळले. 'जहर' म्हटलं की संपलं. उद्यापासून मडक्यात एक तुकडा पडणार नाही, दवाखान्याच्या औषधाला कुणी हात लावणार नाही, सगळी काच पुन्हा उकिरड्यावर. मी यमुनाबाईंकडं पाहिलं. त्या टाक्याशी उभ्या होत्या, स्वतःच्या हातांकडं बघत. म्हणाल्या, "ढीग गेला तं जाऊ द्या. ढीग पुन्हा लागते."

"जहर म्हणून सांगा," मी म्हटलं.

"आयका हो आयका! दवाखान्यातून शिशीत औषध नेलं असन त्यानं पेऊ नका हो! शिशीत जहर असन हो! शिशी जशीच्या तशी दवाखान्यात आनून द्या होऽऽ!" डफडं गल्लीगल्लीतून फिरत होतं.

लोक आले, रागानं आले. कुणी शिशी ओट्यावर आपटून ठेवली. सुतार म्हणाला, "गरिबाले फुकट भेटते तं असंच भेटते." मी ऐकून घेतलं. वामनभाऊ खिडकीआड बसून एकेक शिशी बघत होता. त्याच्या शिशीची खूण पक्की होती: मानेखाली काचेत ज्वारीच्या दाण्याएवढा बुडबुडा. प्रत्येक शिशीला तो मान हलवायचा: नाही. मी प्रत्येक शिशी हुंगत होते. सुदैवानं कुणाला काही झालेलं नव्हतं. पण ती शिशीही सापडत नव्हती.

शेवटी एक म्हातारा रिकाम्या हातानं आला. "माह्यी पोरगी माहेरी आलती, कुसुम. तिच्या पोट्ट्यासाठी तुमीच औषध देल्लं. काल ते शिशी घेऊन सासरी गेली. रोहण्याले."

रोहणा म्हणजे आर्वी तालुक्यात, जिल्ह्याचं दुसरं टोक. फोन नव्हता. तार करावी, तर तार म्हणजे कुणी गेल्याची खबर, ती वाचून घरात रडारड होईल आणि शिशी बाजूलाच राहील. मी पिशवीत इंजेक्शनं टाकली आणि निघाले. शिशी ओळखायला वामनभाऊ लागणार होता. घरी त्यानं काय सांगितलं कोण जाणे, पण टोपी घालून हजर झाला.

एसटीनं वर्धा, वर्ध्याहून पुलगाव, आणि पुलगावहून आर्वीकडं जाणारी ती छोटी आगगाडी. ज्यांनी त्या गाडीतून प्रवास केला आहे त्यांना सांगायला नको. हातात बाळ घेऊन कुणी शेतातून पळत येताना दिसलं की गाडी थांबायची. एरवी मला त्याचं कौतुक वाटलं असतं. त्या दिवशी मला खाली उतरून गाडी ढकलावीशी वाटत होती.

"बाई, मले धरून नेतीन काय?" वामनभाऊनं विचारलं.

"आधी मूल कसं आहे ते बघू."

"खाटेचे ढेकूण मारासाठी निंगालो आन मानूस माराची पाळी आली. बाई, काही झालं तं मी..." त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली. मग स्वतःशीच म्हणाला, "ढेकूण बी मेले नाईत, सालं."

मला हसू आलं आणि लगेच हसल्याची लाज वाटली. मनात एकच घोळत होतं: बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, तोंडाला लाळ, अंगाला घाम. असलं जहर पोटात गेलं की माणूस असा दिसतो. खिडकीबाहेर हिरवीगार कपाशी सरकत होती आणि तिचं सुख वाटत नव्हतं.

रोहण्याला उतरून विचारत विचारत गेलो. कुसुमच्या घरासमोर बायकांचा घोळका होता. घराच्या दारात इतक्या बायका कशाला जमतात, हे मी नर्स म्हणून चांगलं ओळखून होते. वामनभाऊ तिथंच एका दगडावर बसला. मी घोळका सारून आत शिरले, तर मध्ये कासार बसलेला, दसऱ्याच्या बांगड्या भरत होता. कुसुमचा एक हात त्याच्या हातात आणि कडेवर मूल, हिरव्या बांगड्यांकडं झेपावणारं.

"औषध दिलं का ह्याला?" मी जवळजवळ ओरडले.

"देल्लं नं बाई, काल बी आन आज सकायी बी. खोकला थांबला पाहा."

मी मूल ओढूनच घेतलं. बाहुल्या बघितल्या, तोंड बघितलं, कपाळ बघितलं. मूल रडायला लागलं, ठणठणीत आवाजात. इतकं सुंदर रडणं मी उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. तोवर वामनभाऊ आला. कुसुमनं शिशी आणून दिली. त्यानं ती उन्हात धरली, फिरवली आणि हळूच म्हणाला, "हे नाई."

मूल वाचलं, म्हणजे मुळात धोक्यातच नव्हतं. मग ती शिशी कुठं आहे?

कुसुमला आम्ही सगळं सांगितलं. ती विचारात पडली आणि म्हणाली, "काका, त्या शिशीले बुच होतं काय?"

"होतं नं. रबराचं, मस्त घट्ट. म्हनून तं तिच्यात आनलं."

"मंग ते ढिगात कायले जाते? बुचाची शिशी कोनती बाई देते व? माह्यी सासू तं पेटीत ठेवते."

मी वामनभाऊकडं बघितलं, त्यानं माझ्याकडं. इतकी वर्षं मी काच गोळा करत होते. औषध भरलं की बुचाच्या जागी कागदाचा बोळा कोंबायची, कारण ढिगात बुचाची शिशी कधी म्हणजे कधीच आली नव्हती. गावातल्या बाया काच द्यायला शिकल्या होत्या, पण घट्ट बुचाची शिशी ही काच नव्हे, भांडं! ती तेलाला लागते, तुपाला लागते, मधाला लागते. गंगाबाईनं साऱ्या शिश्या दिल्या म्हणजे बिनबुचाच्या साऱ्या दिल्या. आणि आमची दवंडी दवाखान्यातून नेलेल्या शिश्यांची होती. तिच्या शिशीनं दवाखाना पाहिलाच नव्हता.

"पण घरात तं नव्हती, बाई. मी सारं पाह्यलं," वामनभाऊ म्हणाला, आणि म्हणतानाच त्यानं हातातली शिशी खाली ठेवली. "मी पाहत होतो तवा गंगा तेल्याकडं गेलती. जवसाचं तेल आनाले."

जवसाचं तेल आमच्याकडं कच्चंच खातात. भाकरीवर, ठेच्यावर, वरून धार.

त्यानंतरचा परतीचा प्रवास मला धड आठवत नाही. छोटी गाडी निघून गेली होती. एसटी मिळाली ती खचाखच, आणि वामनभाऊ दाराच्या दांडीला धरून उभा, ओठ हलताहेत, देवाचं नाव घेतोय की बायकोचं ते कळत नव्हतं. घरात गंगाबाई, तिची म्हातारी सासू, शाळेत जाणाऱ्या दोन मुली. मी हिशेब करत होते: सकाळी तेल आणलं, दुपारी जेवण झालंच असणार. दुपारचं जेवण झालंच असणार, एवढंच मन पुन्हा पुन्हा म्हणत होतं. वर्ध्याला गाडी बदलताना त्यानं मला विचारलं, "बाई, खरं सांगजो. जवसाच्या तेलानं जहर उतरते काय?" मी नाही म्हणाले. खोटं बोलायची ताकदसुद्धा उरली नव्हती.

गावात उतरलो तेव्हा दिवेलागण झाली होती. वामनभाऊ पळत सुटला आणि मी पिशवी सावरत त्याच्या मागं. दारातच त्याच्या मुली खेळत होत्या. म्हातारी ओट्यावर जप करत बसली होती. मी दाराची चौकट धरूनच श्वास घेतला.

"आले काय?" आतून गंगाबाईचा आवाज आला. "दिवसभर कुठं गेलते उपाशीतापाशी? बसा. दोपारी आमी शिळंच खाल्लं, तेल तसंच ठेवलं. तुमच्यासंगं नवं तेल फोडू म्हनलं."

कंदिलाच्या उजेडात ताट वाढून तयार होतं. भाकर, मिरचीचा ठेचा, आणि त्यावर पिवळ्या तेलाची धार. गंगाबाईच्या हातात शिशी होती आणि दुसऱ्या भाकरीवर ती वाकवत होती. मी पुढं होऊन ताट ओढलं, शिशी तिच्या हातातून घेतली आणि उजेडात धरली. मानेखाली बुडबुडा होता.

"काय झालं व बाई?" ती घाबरून म्हणाली. "घासलेटाचा वास येत होता शिशीले, पन राखेनं चांगली तीनदा घासली. छपराच्या कवेलूवर उन्हात वाळवली. बुच पाहा कसं बसते."

वामनभाऊनं मग सगळं सांगितलं, मान खाली घालून. मला वाटलं आता ती त्याला बोलेल, कडाडेल. पण ती ताटाकडं बघत खाली बसली. मग म्हणाली, "माह्या हातानं वाढून राह्यली होती मी."

"तुह्या हातानं नाई," वामनभाऊ म्हणाला. "आनलं मी घरात. दडवलं मी."

तिच्या कानावर ते गेलंच नाही. ती स्वतःच्या हातांकडं बघत होती, सकाळी यमुनाबाई बघत होत्या तशीच. "आता याच्यापुढं मी कोनाले वाढू शकत नाई, बाई," असं म्हणून ती भिंतीला टेकली. मुली दारातून टकामका बघत होत्या. मी तिला पुष्कळ समजावलं. काही झालं नाही, कुणी खाल्लं नाही, तुमची चूक नाही. बोलून काय होतं? मला स्वतःलाच ते बोलणं पोकळ वाटत होतं, कारण दवंडीनंतर गावानंही मला नेमकं हेच सांगायला हवं होतं आणि एकानंही सांगितलं नव्हतं.

वामनभाऊ उठला. परसात जाऊन खोल खड्डा खणला. ताटातली भाकर, ठेचा, तेल आणि शिशी, सगळं त्यात घातलं आणि वर दगड दाबला. हातपाय धुऊन आत आला, पाट घेतला आणि बायकोसमोर बसला.

"वाढ," तो म्हणाला. "सुकी वाढ. बाई बी दिवसभराच्या उपाशी हायत. त्यायले बी वाढ."

ती हलेना. तो पुन्हा म्हणाला, "वाढ व, गंगे."

तिनं टोपलीतली भाकर काढली. ताटात ठेवताना भाकरीचा पापुद्रा सुटून खाली पडला. एक ताट त्याच्यापुढं, एक माझ्यापुढं. भाकरी त्याच हातांनी थापलेली, त्याच चुलीशी ठेवलेली, आणि सकाळपासून तेच हात ती शिशी हाताळत होते. नर्स म्हणून मला नको नको ते सगळं आठवलं. घरचे दोघं माझ्याकडं बघत होते. दारातून मुली बघत होत्या.

मी घास मोडला. इतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नाही, आणि ती मी गिळली. पाणी प्यायले. मग गंगाबाईकडं बघून म्हटलं, "अजून अर्धी द्या."